वाचणारा भाऊ

कमलाकांतनं दोन घोट पाणी पिऊन घसा मोकळा केला. मोर्णा नदीकाठच्या तंबूत मुकं चित्र लागलं, की पडद्यावरची अक्षरं लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायची, हे त्याचं काम. आज मात्र त्याच्या तोंडाला कुलूप होतं, आणि किल्ली पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसली होती.

ठाणेदार खुशालराव वर्दीच्या जोरावर फुकट आले होते. चित्र लाचखाऊ ठाणेदाराचं आहे, हे त्यांच्या कानी आधीच गेलेलं. येताच त्यांनी कमलाकांतला बाजूला घेतलं होतं.

"ठानेदार हा शब्द तुह्या तोंडून निंगाला नाई पायजे. दरोडेखोर म्हन. लोकाईले कुठं वाचता येते?"

"आन् भगवंत?"

"चित्र सुटलं का तोही सुटला."

भगवंत हा कमलाकांतचा धाकटा भाऊ. जुन्या शहरात त्याचं कापडाचं दुकान. ठाणेदाराला फुकट कापड द्यायला तो नाही म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात चोरीचं घड्याळ सापडलं. तेव्हापासून बिचारा कोठडीत. त्याचा धुतलेला सदरा कमलाकांतनं आज पिशवीत आणला होता. मळक्या अंगानं त्याला आईसमोर न्यायचं नव्हतं.

दिवे मालवले. पडद्यावर एक मिशीवाला वर्दीतला माणूस गरिबाच्या झोपडीत चोरीची बांगडी लपवू लागला. मग अक्षरं आली.

"दरोडेखोर बांगडी लपवून राह्यला, मंडळी," कमलाकांतनं खणखणीत वाचलं.

त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण नाक दाबलं की तोंड उघडतंच, काय करता? दरोडेखोरानं पैसे खाल्ले, दरोडेखोरानं खोटा साक्षीदार उभा केला, असं तो वाचत गेला. पडद्यावरचे शिपाई त्या दरोडेखोराला सलाम ठोकत होते. तंबूत जे चार लोक शिकलेले होते, त्यांनीही ब्र काढला नाही. खुशालराव पान चघळत मान डोलवत होते.

चित्र संपलं, दिवे लागले. कमलाकांतनं पिशवीतून भावाचा सदरा काढून काखेत धरला. खुशालराव उठले, पट्टा सारखा केला आणि बायकांच्या बाजूनं बाहेर निघाले. वाटेत म्हातारी रुख्मिणी पाय पसरून बसली होती. शेंदूरजनाघाटहून लेकीकडे आलेली, जन्मात पहिलंच चित्र पाहिलेली. तिनं वर्दी पाहिली, मिशी पाहिली. लगबगीनं पाय ओढले, डोक्यावर पदर घेतला आणि लेकीला कोपरानं ढोसलं.

"सरक वो बाई. दरोडेखोरसायबाले जाऊ दे."

मग मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू रांगारांगांतून पुढं आलं. कमलाकांतलाही हसू आलं होतं, पण तेवढ्यात त्याला भगवंत आठवला.

खुशालराव थांबले.

"काय म्हनलं, बुढे?"

"चुकलं का जी?" म्हातारीनं हात जोडले. "मले वाटलं, तुमाले असंच म्हनतात."

"कोनं शिकवलं तुले?"

तिनं मोठ्या कौतुकानं बोट दाखवलं.

"त्या वाचनाऱ्या भाऊनं. लय साजरं वाचते बाप्पा."

खुशालरावांनी वळून पाहिलं. कमलाकांतनं सदऱ्याची घडी नीट केली आणि तो पुन्हा पिशवीत ठेवला.