खिडकीतली नळी

वडनेरच्या वासुदेवरावांनी ट्रॅक्टर आणला तेव्हा अख्खं गाव पाहायला लोटलं. पण त्याला डिझेल लागतं आणि ते घरात कुठं ठेवायचं, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गोठ्यात ठेवावं तर गडी बिड्या ओढतात. अंगणात ठेवावं तर उन्हाची भीती आणि चोरांचीही. शेवटी लोखंडी ड्रम सैपाकघरामागच्या खोलीत ओंडक्यांवर बसवला. कवडूची बैलगाडी हिंगणघाटाहून दुसरा ड्रम तणसाच्या गादीवर निजवून आणायची, आणि त्यातला माल या ड्रमात ओतला जायचा.

अडचण उरली ती तानबाची. तानबा ड्रायव्हर. सरकारी ट्रॅक्टर वावरातलं कांस गवत उपटायला आले होते, तेव्हा त्यांच्यावर राबून शिकलेला. आसपासच्या दहा गावांत ट्रॅक्टर चालवणारा दुसरा माणूस नव्हता. आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यानं बुद्धाचा धर्म घेतला होता. घ्या ना, कोणी अडवलं? पण त्यानं धर्म बदलला म्हणून वासुदेवरावांचा उंबरा थोडाच बदलणार होता! तानबानं घरात यायचं नाही, आणि डिझेल तर घरात.

मग तोड निघाली. ड्रममध्ये रबरी नळी सोडायची आणि तिचं दुसरं टोक खिडकीबाहेर काढायचं. तानबानं बाहेर उभं राहून तोंडानं ओढायचं. घराचा चौथरा उंच, बाहेरची जमीन खाली, त्यामुळं धार झकास लागायची. डबा भरला की तो घेऊन तानबा वावराकडं निघून जायचा, आणि वासुदेवरावांची आई देवकाबाई नळी आत ओढून घ्यायची.

होळीला तो कामाला लागला, तेव्हापासून दिवसातून दोनदा हेच. तोंडात डिझेल जायचंच. सुरुवातीला मळमळायचं, मग भाकरी, भाजी, पाणी सगळ्यालाच तीच चव यायला लागली आणि ते कळेनासं झालं. कामाला मात्र माणूस चोख. नवा माल ओतला की रात्रभर ड्रमला कोणाला हात लावू द्यायचा नाही, गाळ बसू द्यायचा. नळी त्यानं एका काठीला बांधून दिली होती, म्हणजे तिचं टोक तळापासून दोन बोटं वर राहील.

तरी अक्षय तृतीया यायच्या आत ट्रॅक्टर चार वेळा वावरात बंद पडला. हिंगणघाटाहून मिस्त्री आला. त्यानं फिल्टर खोलला, ओंजळीत डिझेल ओतून घेतलं आणि त्यात पाणी आहे म्हणाला. झालं! वासुदेवराव तडक पारावर गेले आणि दहा माणसांसमोर म्हणाले, "तानबा रस्त्यानं डिझेल विकते अन् वरून पानी भरते. चोर हाय."

तानबा तिथंच उभा होता. राग यायला पाहिजे होता. आला नाही. आतून सगळं बधिर होऊन गेलं होतं. सकाळी उठून तो पंचशील म्हणायचा, आणि कोणी न दिलेलं घेणार नाही, हे त्यातलंच एक वचन. दुसऱ्या दिवशीही त्यानं म्हटलं. ओठ हलले, पण आपण काय म्हटलं ते त्याला आठवेना. नोकरीचं त्याला काही वाटत नव्हतं. चोर हा शब्द तेवढा अंगावरून जावा, एवढंच त्याला हवं होतं.

मिस्त्रीनं तपासायला घरच्या ड्रममधलं डिझेल बाटलीत भरून मागितलं होतं. वासुदेवराव स्वतः खिडकीशी येऊन उभे राहिले, न जाणो हा इथंही पाणी घालायचा. तानबानं नळी ओढली, बाटली भरून त्यांच्या हातात दिली आणि बाजूला होऊन थुंकला. बाटली स्थिर झाली तशी दोन बोटं पाणी तळाशी वेगळं दिसायला लागलं. दोघंही त्या पाण्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात नळी आत सरकली. दोघांनी मान वर केली. खिडकीच्या आत देवकाबाईनं नळीचं टोक उंच धरलं होतं आणि गडव्यानं त्यात पाणी ओतत होती. सावकाश, देवाला आंघोळ घालावी तशी. नळीचं दुसरं टोक ड्रममध्येच होतं.

"माय, हे काय करून राह्यली?"

"धुऊन राह्यली. त्याचं तोंड लागलं न. रोजच धुतो मी," ती म्हणाली. सांगण्यात काही लपवाछपवी नव्हती. ते पाणी पुढं कुठं जातं, हे तिनं आजवर मनातही आणलं नव्हतं.

वासुदेवरावांनी बाटली पंच्यात गुंडाळली. मग हलक्या आवाजात, जसं काही कृपाच करत होते, म्हणाले, "उद्यापासून आपली नळी घरून आनजो, तानबा. काम झालं की वापस नेजो."

"मालक, चोर तुम्ही पारावर म्हटलं. पारावरच येऊन सांगा."

"म्हंजे? मायचं नाव पारावर घेऊ काय?"

"माह्यं घेतलं न."

डबा भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तानबा वाट पाहत उभा राहिला. मग खांद्यावरचं ट्रॅक्टर सुरू करायचं लोखंडी हँडल त्यानं खिडकीच्या चौकटीवर ठेवलं आणि वळून चालायला लागला. तो गोठ्यापर्यंत पोहोचला असेल नसेल, मागून हँडलवर पाणी ओतल्याचा आवाज आला.