मैदानातून चालत

"अजून घट्ट," वीत्स्के म्हणाली.

"अजून घट्ट बांधलं तर पाय निळा पडेल. गुडघा आहे तो, सुटकेस नाही," मी म्हटलं.

ती हसली नाही. शारजातल्या आमच्या क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत एसी नावालाच होता. मी फरशीवर फतकल मारून तिच्या डाव्या गुडघ्याला टेप लावत होते आणि बोटांखाली सूज चांगली लागत होती. सकाळी फोनवर बाईसाहेब म्हणाल्या होत्या, सूज नाही. डच माणसं तोंडावर खरं बोलतात म्हणे. बोलत असतील, पण स्वतःच्या गुडघ्याबद्दल नाही.

मी बर्था, मूळची वसईची. दिवसा एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आणि संध्याकाळी या फुटबॉलवाल्या मुलींची. माझा नवरा विन्स्टन म्हणतो, शनिवारी तरी घरी थांब, त्या हरायच्या त्या हरणारच. त्याचं काही चूक नव्हतं. लीगमध्ये आम्ही तळाला होतो आणि आजच्या शेवटच्या मॅचने त्यात काडीचाही फरक पडणार नव्हता. मॅच महत्त्वाची होती ती एकट्या वीत्स्केला. पस्तिसाव्या वर्षी ती आज खेळणं सोडणार होती.

"बर्था, आज मला चालत बाहेर यायचंय," ती म्हणाली. "शिट्टी वाजल्यावर, माझ्या पायांनी. बाकी काही नको."

"येशील ना. कोण अडवतंय?" मी टेप फाडत म्हटलं. पण मला आतून बरं वाटत नव्हतं.

हॉलंडच्या उत्तरेला कुठल्याशा खेड्यात ती मुलांबरोबर खेळायला लागली, कारण मुलींची टीमच नव्हती. मुलांनी तिला मागे उभं केलं, कोणी आलं तर अडव म्हणाले. वीस वर्षं ती तिथेच उभी राहिली. हॉलंडमध्ये, जर्मनीत, बेल्जियममध्ये आणि शेवटी इथे. देशाच्या टीममध्ये एकदा निवड झाली. तेव्हा मैदानाच्या कडेने धावून अंग गरम करायची, बाकावर बसायची आणि मॅच संपली की ट्रॅकसूट घालून परत. आत कोणी बोलावलंच नाही. हे सगळं ती कांदा चिरत सांगावं तसं सांगायची. एकदा म्हणाली, "डिफेंडरचा फोटो कोणी मुद्दाम काढत नाही. आपल्यावर गोल झाला की त्या फोटोत मागे मी असते, जमिनीवर."

दोनदा तिला मैदानातून स्ट्रेचरवर नेलं होतं. दोन्ही वेळा हाच गुडघा. दुसऱ्या वेळी तिची आई बघायला आली होती. त्यानंतर आई मैदानात कधी आली नाही, आणि आता ती नाहीच. म्हणून हे चालत येण्याचं वेड. मला ते कळत होतं, म्हणून तर सूज माहीत असूनही मी तिला खेळू नको म्हटलं नाही.

तिच्या जोडीला मागे खेळायची शुभ्रा. अठरा वर्षांची, इथल्याच अल मजाज भागातल्या टॉवरमध्ये वाढलेली, पुण्याच्या मंजुषाची एकुलती एक. पाय सोन्याचे, पण तोंडात मिठाची गुळणी. मागे दोघी खेळतात तेव्हा एकीची पाठ वळली की दुसरीने तिचे डोळे व्हायचं असतं. मागून कोणी आली तर ओरडून सांगायचं, तेही नाव घेऊन, हुकूम सोडल्यासारखं. तिथे प्लीज-बिज म्हणायला वेळ नसतो. वीत्स्के सगळा सीझन तिच्या मागे लागली होती. "माझ्यावर ओरड. मोठ्याने. मी तुझी टीचर नाही."

शेवटी एका प्रॅक्टिसला पोरगी ओरडली. "वीत्स्के, मॅन ऑन! लीव्ह इट!" म्हणजे मागून कोणी अंगावर येतेय, बॉल सोड. वीत्स्केने बॉल सोडला, गोलकीपरने उचलला. वीत्स्के इतकी खूश झाली की तिने लांबूनच दोन्ही अंगठे वर केले. नेमकी त्याच दिवशी मंजुषा डबा घेऊन लवकर आली होती.

"शुभ्रा, इकडे ये," मंजुषाने बोलावलं. "ही काय पद्धत झाली? तुझ्या दुप्पट वयाची बाई, शिकवते तुला, आणि तू तिला नावाने हाक मारून ऑर्डर सोडतेस?"

"बट आई, दॅट्स द गेम. शी टोल्ड मी टु."

"ती सांगेल. तिच्याकडे चालत असेल. आपल्याकडे मोठ्यांवर आवाज चढवत नाहीत. मॅम म्हणायचं आणि हळू सांगायचं."

मला राहवलं नाही. "मंजुषा, हळू सांगेपर्यंत पाय तुटतो गं. ती तिला मानच देतेय ओरडून."

"बर्था, तू यात पडू नको," ती म्हणाली. "परदेशात राहतो म्हणून आधीच ही मुलं हाताबाहेर जातात. हे एवढं तरी राहू दे."

तिचं बोलणं माझ्या आईचं बोलणं होतं, म्हणून मी माझी बॅग आवरायला घेतली. शुभ्रा मात्र त्या दिवसापासून पुन्हा मॅम म्हणायला लागली, तेही पुटपुटत.

मॅच साडेपाचला सुरू झाली. बघायला पंधरा-वीस पालक, बाकी खुर्च्या रिकाम्या. मे महिन्याची हवा, अंगाला चिकटणारी. वीत्स्के पहिला हाफ झकास खेळली. पळत नव्हतीच फारशी, बॉल जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभी असायची. समोरची नऊ नंबरची मुलगी वैतागून गेली होती. हाफटाइमला मी गुडघ्यावर बर्फ धरला तर म्हणाली, "ठीक आहे." मी काही विचारलंसुद्धा नव्हतं.

दहाएक मिनिटं उरली असताना समोरून एक लांब बॉल आला. वीत्स्के आमच्या गोलकडे तोंड करून त्याच्याबरोबर धावत होती. बॉल गोलकीपरपर्यंत जाईल असं वाटून तिने वेग कमी केला. तिच्या उजव्या खांद्यामागून नऊ नंबर सुसाट येत होती. वीत्स्केला ती दिसणं शक्यच नव्हतं. शुभ्राला दिसली. मी शुभ्राकडेच बघत होते. तिचं तोंड उघडलं, हात वर गेला आणि आवाज निघाला तो एवढाच, "मॅम..."

तो माझ्यापर्यंत पोचला नाही, ओठांवरून कळला. वीत्स्केला शेवटच्या क्षणी मागची पावलं ऐकू आली असावीत. ती गर्रकन वळली, डावा पाय गवतात रुतला आणि नऊ नंबर तिच्यावर आदळली. पडता पडताही वीत्स्केने बॉलला बुटाचं टोक लावलं. बॉल बाहेर गेला, कॉर्नर.

रेफरीने हात केला तशी मी बॅग घेऊन धावले. वीत्स्के ओरडत नव्हती. दोन्ही हातांनी गुडघा धरून आकाशाकडे बघत होती. मी हात लावला आणि मला कळलं. तिला माझ्याआधीच कळलं होतं.

शुभ्रा बाजूला उभी होती. "तुला ती दिसली होती," वीत्स्के तिला म्हणाली.

"येस, मॅम."

"तू ओरडली नाहीस."

"नो, मॅम."

वीत्स्के इट्स ओके म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? पण खोटा दिलासा देणं तिच्या रक्तात नव्हतं. मला दोघींचा राग आला, मंजुषाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या गुडघ्याचा.

"मला उठव," ती मला म्हणाली. "तुझ्या खांद्यावर. रेषेपर्यंतच."

"नाही."

"बर्था, तीस पावलं असतील."

"नाही, वीत्स्के. पाय टेकलास तर आत जे उरलंय तेही जाईल. तुला अजून चाळीस वर्षं चालायचंय."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली. माझ्या हातात होतं. हो म्हणता आलं असतं. मी ॲम्ब्युलन्सवाल्या मुनीरला हात केला आणि तो त्याच्या जोडीदाराबरोबर स्ट्रेचर घेऊन आला.

तिला उचललं तेव्हा पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात मंजुषाही होती, उभी राहून वाजवत होती. तिला काहीच कळलेलं नव्हतं.

आम्ही रेषेच्या बाहेर आल्यावर बदली मुलगी आत पळाली. कॉर्नर अजून घ्यायचा होता. मुनीर ॲम्ब्युलन्सकडे वळला तशी वीत्स्केने त्याचं मनगट धरलं.

"थांब. मला फिरव."

"मॅडम, हॉस्पिटल जाना है. यल्ला, चलो."

"फिरव," ती म्हणाली. "मला गोल दिसत नाहीये."

मुनीरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या दोघांनी स्ट्रेचर गर्रकन न वळवता, बेताने मैदानाकडे फिरवलं. वीत्स्के कोपरांवर उठली.

"नऊ नंबरवर कोण आहे?" तिने विचारलं.

"शुभ्रा."

"लांब उभी आहे ती."

मग तीच ओरडली. शुभ्राचं नाव घेऊन, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी. शुभ्राने वळून बघितलं आणि एक पाऊल आत सरकली. कॉर्नर आला, गर्दीत कोणाच्या तरी डोक्याला लागून बॉल लांब गेला.

बॉल मध्यरेषेपलीकडे जाईपर्यंत वीत्स्के बघत राहिली. मग ती आडवी झाली, जर्सीची कड ओढून तोंडावर घेतली आणि आतूनच म्हणाली, "चला आता."