जेम्सची जागा

१९१९च्या जूनमध्ये ह्यूबर्ट थॅक्रे यॉर्कशरमधल्या त्या हवेलीत जुनी नोकरी मागायला आला.

"वाळलास," म्हातारा बटलर ऑलर्टन म्हणाला. "चल जेम्स, बाईसाहेब वाट पाहताहेत."

त्या घरातल्या पहिल्या वाढप्याला जेम्सच म्हणत. माणसे बदलत, नाव बदलत नसे. ह्यूबर्टचे खरे नाव बाईसाहेबांनी कधी विचारले नव्हते. युद्धात मात्र अधिकारी इतके मेले, की शिपायांनाच बढत्या द्याव्या लागल्या आणि ह्यूबर्ट कॅप्टन झाला. शांतता आली आणि त्या कॅप्टनची गरज संपली. चार महिने तो दारोदार हिंडला. कचेऱ्यांना तो हलका वाटे, कारखान्यांना भारी. आता त्याला केवळ एक कोरडी खोली आणि दोन वेळचे जेवण हवे होते.

काळ्या पोशाखात बाईसाहेब लहानशा दिसत होत्या.

"सोमवारपासून ये, जेम्स. पूर्वी सहा वाढपी होते, आता तू एकटाच. जमेल?"

"जमेल, बाईसाहेब."

"तू माझ्या एडमंडच्याच पलटणीत होतास म्हणे. कॅप्टन थॅक्रेंना ओळखायचास? माझा मुलगा गेल्याचं त्यांनीच कळवलं. दोनदा जेवायला बोलावलं, पण उत्तर नाही. मोठ्या घरचे असणार."

"नाही" म्हटले की जागा पक्की होती. पण त्यांच्या मांडीवर ते पत्र होते, घड्यांवर चिरत आलेले.

"मीच थॅक्रे, बाईसाहेब."

बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या.

"मग पत्रात तसं का नाही लिहिलंत?"

"कॅप्टनच्या पत्रानं धीर येतो. वाढप्याच्या पत्रानं आला असता का?"

"बसा," त्या म्हणाल्या.

तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि तासभर सांगत राहिला. एडमंड आठच दिवस त्याच्या हाताखाली होता. पहिल्याच सकाळी त्याने जेम्सला ओळखले आणि हसत सलाम ठोकला. एडमंड चिखलात कसा गेला, तेवढे ह्यूबर्टने गाळले. बाईसाहेबांनी स्वतः चहा ओतून त्याच्या हाती दिला. नोकरीचा विषय पुन्हा कोणीच काढला नाही.

बाहेर ऑलर्टनने विचारले, "काय, ठरलं?"

"दुसरा कोणी बघा. माझ्या हातचं सूप घेणं बाईसाहेबांना आता जड जाईल."

"आणि तुला?"

"मला चाललं असतं," ह्यूबर्ट म्हणाला.