लोरेटाची पिवळी कार्डं

ओहायोतल्या विद्यापीठात संशोधकांसाठी अनुदानं शोधण्यात लोरेटाची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीच्या दिवशी कोट चढवून ती निधींची माहिती टिपलेल्या पिवळ्या कार्डांची जुनी पेटी उचलत होती, तोच तरुण संशोधक डॉक्टर मार्गो आली.

"सगळी संकेतस्थळं पालथी घातली, लोरेटा. निधी मिळाला नाही तर जूनमध्ये प्रयोगशाळेला कुलूप."

"तान्ह्यांच्या आकडीवरचं संशोधन ना? बस, पोरी."

पूर्वी रोज सकाळी प्रार्थना करून लोरेटा अशी कार्डं संशोधकांच्या टपालाच्या खणांत ठेवायची. आज जपमाळेवरून फिरावीत तशी बोटं फिरली आणि एका कार्डावर थांबली. बाळ गमावलेल्या एका कुटुंबाचा निधी. अर्ज फक्त हातानं लिहिलेल्या पत्रानं.

"अजून आहेत ते?" मार्गोनं विचारलं.

"दर नाताळला त्यांच्या शुभेच्छा येतात. लिही. आणि अक्षर डॉक्टरचं नको, माणसाचं काढ!"

लोरेटानं कोट काढून पुन्हा खुंटीला अडकवला.