चौथा धागा

रामचंद्रने ऑइलचे हात ज्या फडक्याला पुसले, त्या फडक्याची कॉलर सगुणाला दिसली आणि तिच्या हातातला चहा तिथेच राहिला.

"अवो, ते इकडे द्या जरा."

"घाण हाय ते. इंजिनाचं हाय."

तिने ते नवऱ्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. सहा नंबरची जुनी जर्सी. जानेवारीत दिपालीच्या खांद्यावर फाटली, नवी आली, म्हणून सगुणानेच ही बोटीवर पुसायला दिली होती. कॉलरच्या आत पिवळ्या धाग्याचा एक टाका होता.

वेसाव्याच्या दर्या फुटबॉल क्लबात सगुणा अकरा वर्षं होती. मुलींचे कपडे धुणं, बूट पुसणं आणि मॅचआधी खेळाडूंच्या यादीवर सही करणं, ही तिची कामं. जर्सी ती घरी धुवायची आणि बोंबील वाळवायच्या वलांडीवर टाकायची. समोरच्या टीमच्या पोरी नाकाला हात लावायच्या, तेव्हा दिपाली त्यांना म्हणायची, वास आला ना, मग लांब राहा. ही दिपाली सगुणाच्याच आळीतली. पोरगी बारा वर्षांची असताना सगुणाने तिला हाताला धरून मैदानावर नेलं होतं, तिच्या आईच्या शिव्या खाऊन.

लीगचा नियम असा, की चार पिवळी कार्डं झाली की पुढच्या मॅचला घरी बसायचं. कार्डांची पत्रं फक्त ज्या त्या क्लबच्या ईमेलवर यायची आणि ती उघडायला कुणाला सवड नसायची. सगुणाची रीत सोपी होती. कार्ड मिळालं की त्याच संध्याकाळी त्या मुलीच्या कॉलरच्या आत पिवळा टाका. यादीवर सही करण्याआधी ती एकेक कॉलर उलटून बघायची. अकरा वर्षांत एकदाही चूक नाही, याचा तिला थोडा गर्वही होता, आणि गर्वाचं घर कुठे असतं ते सगळ्यांना माहीत आहे. जुन्या जर्सीवरचा टाका नव्या जर्सीवर घ्यायचा राहिला होता. त्या दिवशी बोट भरून आली होती आणि ती मासळीच्या मागे लागली होती, एवढंच कारण.

नव्या जर्सीवर तीन, या फडक्यावर एक. म्हणजे काल, शेवटच्या मॅचला, दिपालीने खेळायलाच नको होतं.

आणि काल दिपालीनेच गोल केला होता. मुलुंडच्या क्लबाशी एक-एक बरोबरी, त्या एका गुणावर दर्या वरच्या लीगमध्ये राहिला आणि मुलुंड खाली गेला. खाली गेलं की स्पॉन्सर जातो, मुलींचे पगार जातात, मोठ्या क्लबांची माणसं बघायला येईनाशी होतात. काल पोरींनी सगुणाला खांद्यावर उचलून घेतलं होतं.

तिने कोच अनुपमाला फोन करून सगळं सांगितलं. अनुपमा म्हणाली, "मावशी, तक्रार समोरच्या टीमनेच करायची असते, चोवीस तासांत. आज सहाला वेळ संपते. सहापर्यंत तोंड बंद ठेव, बस."

सगुणाने हो म्हटलं. तिलाही तेच हवं होतं.

दोन वाजता विमलाचा फोन आला. विमला म्हणजे मुलुंडच्या क्लबाची सगुणा. आठ वर्षं दोघी शेजारी शेजारी पाण्याच्या बाटल्या भरत आल्या होत्या, एकीच्या डब्यातलं दुसरीने खाल्लं होतं. धाग्याची रीत विमलाने सगुणाकडूनच उचलली होती.

विमलाने आधी रामचंद्रची चौकशी केली. मग तिने सांगितलं, की त्यांच्या एका मुलीच्या मते दिपालीची चार कार्डं झालीत, पण पुरावा नाही, आणि खोटी तक्रार केली तर बालंट क्लबावरच यायचं. म्हणून अध्यक्ष कचरत होते.

"मी त्यांना म्हटलं, सगुणाताईला विचारते. तू तीन म्हणालीस तर आम्ही गप्प बसू. किती धागे हत गो?"

सगुणाने मांडीवरच्या फडक्याकडे पाहिलं. तीन म्हणायला काहीच लागत नव्हतं. नव्या जर्सीवर तीनच होते, म्हणजे खोटंही ठरलं नसतं. दिपालीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पण पलीकडे विमला नुसती वाट बघत होती. दुसऱ्या कुणाला विचारायचं तिच्या मनातही नव्हतं, आणि तेच सगुणाला सोसेना.

"चार," ती म्हणाली. "माझी चूक. पोरीला काही माहीत नव्हतं."

विमला रडायला लागली. सगुणाने फोन ठेवला.

निकाल आठवड्याने आला. ती मॅच मुलुंडला दिली गेली आणि दर्या खाली गेला. अनुपमाने सगुणाला एक शब्दही विचारला नाही. बाकीच्या पोरी आळीत समोर आल्या की मोबाइलमध्ये बघायच्या. यादीवर सही कुणाची होती ते सगळ्यांना माहीत होतं, आणि चार हा आकडा कुणी सांगितला तेही.

सीझन संपला की मुली जर्सी आणून द्यायच्या, घामेजलेल्या, चिखलाच्या, तशाच बोळा करून. सगुणा सगळ्या धुवायची आणि धागे उसवायची, म्हणजे पुढच्या वर्षी प्रत्येकीची कॉलर कोरी. या वर्षीही त्या आल्या, दारातल्या टोपलीत टाकून गेल्या.

दिपाली सगळ्यांत शेवटी आली. तिला सांताक्रूझच्या एका क्लबाने घेतलं होतं, ते सगुणाला आळीतून कळलं होतं. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरून तिने सहा नंबरची जर्सी पुढे केली.

"बस ना," सगुणा म्हणाली. "च्या टाकते."

"नको मावशी. प्रॅक्टिस आहे."

ती गेल्यावर सगुणाने जर्सी उलगडली. ती धुतलेली होती. तिला कुठल्याशा पावडरीचा फुलांचा वास येत होता आणि इस्त्रीची घडी होती. सगुणाने कॉलर उलटून पाहिली. तिन्ही धागे काढलेले होते, सुईची भोकं तेवढी राहिली होती.

सगुणाने बाकीच्या जर्सी धुतल्या आणि वलांडीवर टाकल्या. मग सहा नंबरचीही, कोरडीच, त्यांच्या शेजारी वाळत घातली.