बंड्याचे डाग आणि महाराजांचं तीर्थ

शनिवारी दुपारी लंडनच्या हॅरो भागातल्या त्या घराच्या लाउंजमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पोर्चमध्ये बुटांचा हा ढीग, आणि मध्यभागी मांडी ठोकून अमृतानंद महाराज. त्यांनी तांब्यातलं पिवळं तीर्थ क्रीम कार्पेटवर एका जागी शिंपडलं आणि बघता बघता ते लाल झालं.

"रक्त!" महाराज गरजले. "दादासाहेबांचा आत्मा या बोक्यात अडकलाय. त्याला घराबाहेर सोडा, आत्मा सुटेल!"

"अगं बाई!" म्हणत लोकांनी पटापट हात जोडले. अनुराधाबाई तर रडायलाच लागल्या. त्यांचे यजमान दादासाहेब गेल्या वर्षी गेले. बंड्या हा त्यांचा लाडका, म्हातारा बोका. हल्ली तो आपला शूचा ट्रे सोडून दादासाहेबांच्या खुर्चीपाशी कार्पेटवर थेंब थेंब मुतायचा आणि विव्हळायचा.

"आजच सोडते, महाराज," त्या म्हणाल्या.

सून उल्काला मात्र सकाळपासून एकच गोष्ट खटकत होती. महाराजांनी फोनवर सांगितलं होतं, "डाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, नंतर धुऊ नका." आईंनी दुकानातून तो सोडा आणून इमानेइतबारे पुसलेही होते. आत्म्याला आधी क्लीनिंग लागतं होय?

"महाराज, जरा इकडे सोफ्याजवळ शिंपडा की," ती म्हणाली.

त्यांनी शिंपडलं. तिथे पिवळंच राहिलं.

"पाहिलंत? शुद्ध जागा ती शुद्धच!" महाराजांचा जयजयकार झाला. उल्का चांगलीच तोंडावर पडली आणि चडफडत किचनमध्ये गेली.

तिथे नवरा रवी सिंकपाशी उभा. प्रसादाचं वरण शर्टावर सांडलेलं, साबण चोळत होता. "अगं, डाग लाल कसा काय झाला?"

"हळद आहे ना वरणात! साबण लागला की लाल होणारच. दर वेळी हेच विचारतोस..." बोलता बोलता ती थबकली. मग तिने सकाळच्या उरलेल्या सोड्याच्या पाण्यात स्वतःचा पांढरा रुमाल बुडवला आणि तडक लाउंजमध्ये आली.

"यावर शिंपडा, महाराज."

"असल्या परीक्षा आम्ही देत नसतो!"

"मग मी शिंपडते," अनुराधाबाई डोळे पुसत उठल्या आणि त्यांनी तांब्या उचलला. रुमाल लालेलाल!

"आई, हा माझा रुमाल. यात कोणाचा आत्मा आहे?" उल्का म्हणाली. "तांब्यात हळद आहे, कार्पेटवर सोडा. संपला चमत्कार!"

महाराज "घोर कलियुग" असं पुटपुटत उठले आणि पोर्चमध्ये आपले बूट शोधत बसले. त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता, कारण आतून बंड्या ओरडला. ट्रेमध्ये बसून बिचारा कुंथत होता, पण एक थेंब येईना.

"उल्का, गाडी काढ," अनुराधाबाई म्हणाल्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून सांगितलं, की खड्याने मूत्रमार्ग बंद झालाय, आणखी उशीर झाला असता तर बोका हाती लागला नसता. त्यांनी त्याला भूल देऊन नळी घातली.

वेटिंग रूममध्ये अनुराधाबाई बंड्याची रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "दुखतंय म्हणून तो सांगत होता गं. आणि मी त्यात ह्यांचा आवाज शोधत बसले. आज त्याला बाहेर सोडलं असतं तर कुठे तरी झुडपाखाली तडफडून मेला असता."

तेव्हा मंडळी, डाग लाल झाला तर हात जोडण्याआधी तो कशाने पुसला होता ते आठवा. आणि म्हातारं जनावर रडायला लागलं तर महाराजांना नाही, डॉक्टरला फोन करा.