तळ्यात घातलेलं जॅकेट

मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे आणि आजवर मी कुणाचाही जीव वाचवलेला नाही. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत वादळाची वाट बघत बसाल.

कारखान्यात नारिंगी कापडात फोम भरून मला शिवलं, पट्टे लावले, शिट्टी बांधली. २०१४ साली एका समारंभात मला धाकट्या डहाणूच्या चंदर तांडेलच्या, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाच्या, हाती दिलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. माझ्या कौतुकाचा काळ तेवढाच.

पट्टे जाळ्यात अडकतात, अंगाला उकडतं, ही मला न घालण्याची सांगायची कारणं. खरं कारण मितेश. चंदरने होडीवर एकदाच मला हातात घेतलं, तेव्हा हा त्याचा खलाशी म्हणाला, "काय तांडेल, पोहायला विसरलात?" त्याच दिवशी माझी रवानगी घरी झाली. चंदरची बायको जमुना जवळा सुकवताना मला बुडाखाली घेऊ लागली. बुडणाऱ्यांसाठी जन्मलो आणि बसणाऱ्यांच्या कामी आलो.

मग वरोरचा एक खलाशी दर्यात पडला, तो सापडलाच नाही. त्याचं जॅकेट घरात होतं, घडीसुद्धा न मोडलेलं. तेव्हापासून जमुना माझ्यावर बसली नाही. चंदर निघाला की ती मला त्याच्या हातात द्यायची आणि तो मला ओट्यावर ठेवून जायचा.

२०१८च्या पावसाळ्यात मासेमारी बंद होती, म्हणून चंदर, जमुना आणि मितेश अशी तिघं उदयपूर बघायला निघाली. तलासरीहून बस. मी जमुनाच्या मानेखाली, उशी म्हणून.

तिथे डोंगरांच्या कुशीत तळं, काठावर राजवाडा. तळ्याला लाटा म्हणाल तर परातीतल्या पाण्याला येतात तेवढ्या. होडीच्या फेरीसाठी सगळ्यांना चकचकीत जॅकेटं मिळाली. चंदर हात मागे बांधून उभा. मिशीवाल्या रखवालदाराला जमुनाच्या काखेतला मी दिसलो.

"चाचा, ये तो है आपके पास. पहनो."

चंदरने मुकाट्याने मला घातलं. माझ्या खिशातून सुका जवळा सांडला. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला, लोक हसले. जन्मात पहिल्यांदा माणसाच्या छातीला लागलो आणि तोंड लपवायला जागा नव्हती.

जमुना हसली नाही. "परक्या माणसाने सांगितलं तर तळ्यात घातलंत. मी सांगते तर दर्यात घालत नाही."

चंदर राजवाड्याकडे बघत म्हणाला, "तिथे हसतात."

"इथे पण हसले. मेलात काय?"

मितेश पाण्यात बोटं बुडवून बसला.

ऑगस्टमध्ये दर्या खुला झाला. पहाटे चंदरने कुणी न सांगता मला अंगात चढवलं आणि वरून एक ढगळ शर्ट घालून बटणं गळ्यापर्यंत लावली.

बंदरावर मितेश त्याच्या छातीकडे बघतच राहिला. "तांडेल, उदयपूरला बरंच खाल्लंत."

"हो," चंदर म्हणाला आणि होडीत चढला.

मित्रांनो, तुमच्या जिवासाठी घरी कुणी काही दिलं असेल तर ते वापरा. लाज वाटली तर वरून शर्ट घाला. मी अजूनही कुणाचा जीव वाचवलेला नाही. ही लाज मला शेवटपर्यंत पुरो.